पिंगलथ्वेटांचा पांढरा दगड

कबीर, तू आल्या आल्या विचारलंस ना, तुमच्या पार्किंगमागच्या कब्रस्तानातला एकच दगड असा पांढराफटक कसा, कुणी रंगवला? तर त्यात मीपण होते. ही बघ माझी जीन्स. दोनदा धुतली, निघत नाहीये. बसा, सांगते. पण मधे बोलायचं नाही हं. इला, तू तर अजिबातच नाही. तू मधे बोललीस की मी कुठे होते तेच विसरते.

तर तुम्हाला माहितीये, कॅरोलायनातल्या या आमच्या मॉरिसव्हिलमध्ये सगळंच नवीन. टाउनहाउसेस नवीन, इंडियन ग्रोसरी नवीन, रस्त्याकडेची झाडंसुद्धा अजून काठीला बांधलेली. आणि आमच्या कचऱ्याच्या डंपस्टरच्या पलीकडे हे एवढंसं कुंपण आणि आत जुनी थडगी. बिल्डरने आजूबाजूची सगळी शेतं घेतली, पण घरची माणसं पुरलेला तुकडा त्या लोकांनी काही विकला नाही. मी भांडी घासते तेव्हा किचनच्या खिडकीतून तेच दिसतं. सगळ्या दगडांवर एकच आडनाव. पिंगलथ्वेट. म्हण बघू. पिंगल-थवेट नाही रे, जीभ दातांमधे. जाऊ दे.

आणि आमच्या मॅपिंगच्या कोर्सला प्रत्येकाने एक दुर्मीळ इंग्लिश आडनाव घ्यायचं होतं. ते कुठून निघालं, कुठे कुठे पसरलं, नकाशा काढायचा. बाकीचे लायब्ररीत नावं शोधत बसले, मी सिंकपाशी उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

आता थ्वेट म्हणजे काय, तर जंगल तोडून केलेली मोकळी जागा. उत्तर इंग्लंडमध्ये अशा नावांची ढीगभर गावं आहेत. आपण गावाच्या नावाला कर लावतो ना, तसंच, फक्त ते लोक कर लावायचेसुद्धा कष्ट घेत नाहीत, गावाचंच नाव अंगाला चिकटवून मोकळे. पिंगल कोण होता, कुणाला पत्ता नाही. एक दरी, दरीत एक वाडी, आणि वाडीतून बाहेर पडला तो पिंगलथ्वेट. मालक असो नाहीतर गडी असो. हे लक्षात ठेवा, पुढे मी यावरून तोंडघशी पडणारे.

नकाशा काय सुंदर आला माहितीये! इंग्लंडमध्ये सगळे ठिपके त्या एका दरीभोवती, मुंग्या साखरेला लागतात तसे. आणि अमेरिकेत एक बारीक ओळ. फिलाडेल्फियाच्या बंदरात उतरले, मग घोडागाड्यांच्या जुन्या वाटेने खाली व्हर्जिनिया, खाली कॅरोलायना, खाली आमचा डंपस्टर. चारदोन जण टेक्सासला सटकलेले. सगळं कसं समजतं. आणि मग एक ठिपका, या सगळ्यापासून लांब, एकटाच. आयसेलिन, न्यू जर्सी. ओक ट्री रोड, सगळी आपली इंडियन दुकानं.

मी म्हटलं, डेटात घाण आहे. साडीच्या दुकानाच्या वर कोण इंग्लिश माणूस राहणारे? मग सर्च केलं तर निघालं पिंगलथ्वेट ड्रायव्हिंग स्कूल. नंबर होता. फिरवला. मी एकदम माझा कॉन्फरन्सचा आवाज काढून, "मे आय स्पीक टू मिस्टर पिंगलथ्वेट?" आणि तिकडून कुणीतरी भारदस्त आवाजात "स्पीकिंग" म्हणतंय तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, "अहो, दूध बघा, उतू गेलं!"

मग मीच म्हटलं, "काका, दूध बघून या. मी थांबते."

आई शप्पथ, असं हसले ना ते! रवी नाव, नगरकडचे. ख्रिश्चन. घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच आडनाव. शाळेत मास्तर हजेरीला पिंगळेच म्हणायचे, ते म्हणे, मीपण हजर म्हणायचो, कोण वाद घालणार. मुंबईत नोकरीला लागले तर साहेब विचारायचा, हे कुठलं रे नाव तुझं? इथे आले तर इथले गोरे विचारतात, हे कुठलं नाव तुझं, म्हणजे खरं नाव काय तुझं? आणि ओक ट्री रोडवरच्या काकवा फोन करून विचारतात, गोरा शिकवणार ना हो गाडी? मग दारात हे उभे. "काही जणी परत जातात," काका म्हणाले, "पण माझ्या हाताखाली शिकलेली बाई पॅरलल पार्किंगला कधी घाबरत नाही."

मी हे सगळं रविवारी जाऊन मिस डॉरथीला सांगितलं. मिस डॉरथी म्हणजे, थांबा, ती राहिलीच. नव्वदीला टेकलेली बाई, याच पिंगलथ्वेटांतली. दर रविवारी चर्च सुटलं की आमच्या पार्किंगमध्ये येते, डिकीतून फोल्डिंग खुर्ची काढते आणि त्या कब्रस्तानात गोड चहाचा थर्मास घेऊन बसते. इथे तिला सगळे मिस डॉरथी म्हणतात म्हणून मीपण. कोर्ससाठी माहिती विचारायला मीच एकदा गेले होते, तेव्हापासून दोस्ती. मला शुगर म्हणते.

तर ती ऐकता ऐकता उभीच राहिली. माझा हात धरला आणि कोपऱ्यातल्या एका दगडापाशी नेलं. शेवाळाने हिरवा झालेला. त्यावर नाव, एडविन पिंगलथ्वेट, मग जन्माचं साल, मग एक रेघ, आणि रेघेपुढे काहीच नाही. खाली माणूसही नाही. एडविन तिच्या आजोबांचा धाकटा भाऊ. सुतारकाम शिकवायला म्हणून मिशनबरोबर इंडियात गेला, दुष्काळ होता तेव्हा. थोडी वर्षं खबरबात आली, मग बंद. त्याच्या आईने हा दगड करून घेतला आणि साल कळेल तेव्हा कोरू म्हणून जागा सोडली.

"आजोबांनी बाबांना सांगितलं, ते साल भरायचंय. बाबांनी मला," मिस डॉरथी म्हणाली. "माझ्यानंतर कोण विचारणारे, शुगर? क्लेला तर बार्बेक्यू सोडून कशाशी देणंघेणं नाही." क्ले हा तिचा भाचा. पन्नाशीचा, दाढीवाला, भला माणूस, पण खरंच कशाशी नाही.

मग मी तिथेच कब्रस्तानात बसून रवीकाकांना स्पीकरवर घेतलं. मिस डॉरथीने विचारलं, तुमची माणसं सांगा. काका एक एक नाव सांगत गेले, ती वहीवर नाही, थेट फोनवर क्लेला पाठवायच्या मेसेजमध्ये टाइप करत गेली, एका बोटाने. सगळ्यात वरचं नाव सॅम्युअल, मिशनच्या शाळेत वाढलेला, एडविन तिथे होता त्याच वेळचा. हे टाइप करून झालं आणि तिचे डोळे भरून आले. म्हणाली, "वेलकम होम, रवी."

मला वाटलं कॉल कट झाला. मग काका म्हणाले, "येस मॅम."

बस, मग काय, जुलैतलं फॅमिली रियुनियन! दरवर्षी करतात ते, चर्चच्या मागच्या शेडमध्ये. या वर्षी इंडियाची फांदी येणार म्हणून टेक्सासवाले पण आले. दुपारी जेवण, मग सगळ्यांनी चालत कब्रस्तानात यायचं आणि एडविनच्या दगडापाशी त्याच्या वंशजांनी उभं राहायचं. माझा नकाशा पोस्टर करून शेडमध्ये टांगलेला. मी हीऽऽ खूश. माझ्या एका ठिपक्याने एवढं सगळं झालं!

आयसेलिनहून आठ-नऊ तास ड्राइव्ह करून काका आले, उल्काकाकू आल्या, आणि त्यांची मुलगी आन्या, कॉलेजात आहे, इथेच जन्मलेली, मराठी कळतं पण बोलत नाही. काकूंनी करंज्यांचा डबा आणला होता, ख्रिसमसला करतात तशा. आन्या तर उतरल्यापासून पोत्यांच्या शर्यतीत. माझ्यापाशी धापा टाकत आली आणि म्हणाली, "आय हॅव कझिन्स! लाइक, अ होल फील्ड ऑफ देम!" नगरचा सगळा गोतावळा तिकडे, इथे हे तिघंच ना. मला एवढं भारी वाटलं.

आणि काका? काका अस्वस्थ. मला वाटलं प्रवासाने. एका जागी बसत नव्हते. गाडीपाशी जायचे, परत यायचे, परत गाडीपाशी. मी म्हटलं, काका काही राहिलं का गाडीत? तर म्हणे, "नाही गं, बघत होतो नीट लावलीये का." ड्रायव्हिंग स्कूलवाला माणूस!

मग क्लेने टी-शर्ट वाटले. इथल्या रियुनियनला असतात, सगळ्यांना एकसारखे. हे केशरी रंगाचे, पुढे मोठ्ठं पिंगलथ्वेट, आणि मागे, पाठभर, अख्खं झाड छापलेलं. वंशवृक्ष. मलापण दिला एक. मी घालून जेवणाच्या लायनीत उभी राहिले, हातात प्लेट, पुढे टेक्सासचा एक अवाढव्य माणूस. त्याची पाठ माझ्या नाकासमोर. काय करणार, वाचत बसले. एडविन. त्याच्याखाली रेघ. त्याखाली सॅम्युअल राघू पिंगलथ्वेट. त्याखाली भास्कर सॅम्युअल. जॉन भास्कर. रवी जॉन. आन्या रवी.

लागलं ना डोक्यात? इला, बघ, तुला पण लागलं! तुझं मधलं नाव काय, तुझ्या बाबांचं. माझं मधलं नाव प्रसाद, बाबांचं. आपल्याकडे दुसरं काय असतं? तिथे सत्तर माणसं उभी होती, त्यातल्या कुणाला हे दिसायचं कारणच नाही. त्यांना वाटलं, अय्या, किती गोड, राघू! मिस डॉरथी तर मला म्हणालीसुद्धा होती की एडविनने पोराला इंडियन मिडल नेम दिलं, बघ त्याचं किती प्रेम होतं त्या देशावर, आणि मी मान डोलावली होती.

भास्करचा बाप सॅम्युअल. आणि सॅम्युअलचा बाप राघू. एडविन नाही. राघू.

माझ्या हातातली प्लेट वाकडी झाली, कोबीचं ते कोलस्लॉ खाली. पुढच्या माणसाने वळून विचारलं, यू ओके? मी म्हटलं, येस येस. तो परत वळला आणि परत ती पाठ! मी लाइन सोडून पळाले. पण पळणार कुठे? जिकडे बघावं तिकडे पाठी. ग्रिलपाशी क्लेची पाठ, लेमोनेडपाशी दोन पाठी, पोत्यात उड्या मारणाऱ्या पोरांच्या पाठी, राघू राघू राघू वर-खाली. माझ्या स्वतःच्या पाठीवर तेच. आणि त्या सगळ्यांच्या मधे मिस डॉरथी खुर्चीत बसून आन्याचा हात हातात घेऊन म्हणत होती, "तुझं कपाळ एडविनचं आहे."

म्हणजे विचार करा, अजून तासाभरात ही म्हातारी यांना दगडापाशी उभं करणार. आणि उद्या कुणीतरी ती थुंकी घेऊन करतात ती डीएनए टेस्ट केली, टेक्सासवाल्यांपैकी एकाला तो छंद आहेच, मग? मग रवीकाका कोण ठरणार? खोटं सांगून घुसलेला माणूस! आणि हे सगळं माझ्या ठिपक्यामुळे. बोलू तर त्यांचं सगळं जाणार, नाही बोलू तर अजून वाईट पद्धतीने जाणार. मी शेडला तीन चकरा मारल्या. शेवटी गाडीपाशी गेले. काका तिथेच होते, आरसा पुसत.

मी म्हटलं, "काका, एक बोलायचंय. रागावू नका. ते राघू..."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. "हं. बोल."

"राघू मिडल नेम नाहीये ना?"

"अगं, माझ्या पणज्याच्या बापाचं नाव ते," काका म्हणाले. "मला माहीत नसेल होय?"

हो यार कबीर, हस. मी एवढी शेरलॉक बनून आले आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही की हा माणूस पण मराठीच आहे. त्याच्या घरचं नाव त्याला कळणार नाही तर कुणाला!

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? नावं सांगून झाली, पुढे सांगणारच होतो. तेवढ्यात ती म्हणाली, वेलकम होम." काका आरशात बघत बोलत होते, माझ्याकडे नाही. "सव्वीस वर्षं झाली मला या देशात. हे वाक्य मला फक्त एअरपोर्टवर पासपोर्टवाला म्हणतो, ते पण स्टँप मारता मारता. माझ्या तोंडातून दुसरा शब्दच निघेना बघ. मग म्हटलं फोनवर नको, समोर जाऊन सांगू. रस्ताभर पाठ करत आलो. तीन एक्झिट चुकलो. मी, एक्झिट चुकलो! इथे आलो तर त्यांनी पोरीच्या अंगावर शर्ट चढवला."

मग सगळं सांगितलं त्यांनी. राघू आणि त्याची बायको दुष्काळात गेली. पोरगं एडविनला रस्त्यात मिळालं. त्याने मिशनमध्ये आणलं, आपलं नाव दिलं, सुतारकाम शिकवलं. आणि प्लेगची साथ आली तेव्हा लोकांच्या शवपेट्या बनवता बनवता एडविन स्वतःच गेला. तिथेच पुरलाय. "पप्पासाहेब म्हणतो आम्ही त्याला. साल पण माहितीये मला, एकोणीसशे चार. पण एडविन कुठे पुरलाय ते सांगितलं की म्हातारी विचारणार, आणि शेजारी त्याची बायको कुठेय? लग्नच नव्हतं झालं त्याचं. म्हणजे मग आम्ही कुठून आलो?"

"काका, आता सांगावंच लागेल."

"हो गं. मी बायकांना काय शिकवतो? आरसा बघ, सिग्नल दे, मग वळ. मी नुसता सिग्नल देऊन उभा आहे, मागे हॉर्न वाजतायत." आणि हळूच म्हणाले, "मला काय, मी नगरचाच आहे. आन्याचं वाईट वाटतं."

तेवढ्यात क्लेने घंटा वाजवली. चला म्हणे कब्रस्तानात.

सगळे केशरी शर्ट कुंपणात मावेनात. आमच्या बिल्डिंगमधले लोक बाल्कन्यांत येऊन बघायला लागले, कुणाचा मोर्चा आहे. मिस डॉरथी खुर्चीत, एडविनच्या दगडाशेजारी. म्हणाली, एडविनची माणसं पुढे या. काकू आणि आन्या पुढे गेल्या. काका गेले, पण वंशज म्हणून उभे राहिले नाहीत, मिस डॉरथीच्या समोर गुडघ्यावर बसले, तिला ऐकू यावं म्हणून. इंग्लिशमध्ये बोलले, मी आपलं मराठीत सांगते.

"मॅम, सॅम्युअलच्या बापाचं नाव राघू होतं. आमच्यात मधे बापाचं नाव लावतात. एडविनने त्याला सांभाळलं, नाव दिलं, पण आमच्या अंगात तुमचं रक्त नाही. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण एडविन कुठे आहे ते मला माहितीये. तो आमच्याकडे आहे."

आणि फोन काढला. फोटो होता. कडुनिंबाखाली एक थडगं, पांढरंशुभ्र, त्यावर काळ्या रंगात अक्षरं, भोवती काकांचा चुलत भाऊ, त्याची पोरं, हातात ब्रश, तोंडं चुन्याने माखलेली. ईस्टरच्या आदल्या दिवशी रंगवतात. दरवर्षी. शंभर वर्षं झाली.

आणि मग मीच, मूर्खासारखी, मोठ्याने सुरू झाले! की ॲक्चुअली बघा, पहिले पिंगलथ्वेट पण एकमेकांचे नातेवाईक नव्हते, त्या वाडीत जो राहील त्याला ते नाव, गड्यालासुद्धा, माझ्या पोस्टरवर आहे! सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. टेक्सासवाला म्हणाला, "म्हणजे आम्ही गडी होतो?" मी म्हटलं, नाही म्हणजे, असू शकता. झालं माझं.

क्ले म्हणाला, "मग शर्ट चुकलेत का?"

मिस डॉरथी फोटो बघत होती. बोटाने मोठा करून. तिने काकांना एवढंच विचारलं, "सावली आहे का तिथे?"

"कडुनिंब आहे, मॅम. मोठा."

"आणि रंगवायला कोण सांगतं?"

"सांगायला कशाला लागतं?" काका म्हणाले.

तिने फोन परत दिला. म्हणाली, क्ले, मला घरी सोड. आणि गेली. बास. एवढंच. ना हो, ना नाही. लोक पांगले. आन्या आधीच गाडीत जाऊन बसली होती, दार आतून लॉक. काका काचेवर टकटक करत होते. तिने काच जराशी खाली केली आणि म्हणाली, "यू लेट मी स्टँड देअर, डॅड. इन दॅट शर्ट." काच वर. काकूंनी जाता जाता करंज्यांचा डबा माझ्या हातात दिला. "खा तू," म्हणाल्या, "तिथे कुणी उघडलाच नाही."

त्या संध्याकाळी मी घरात नुसत्या येरझारा घालत होते. किचनमध्ये गेलं की दगड दिसायचा, म्हणून मी भांडीच घासली नाहीत.

दुसऱ्या दिवशी रविवार. बघते तर मिस डॉरथी आपली नेहमीच्या वेळेला, खुर्ची टाकून हजर. एकटी. मी जाऊ का नको करत होते, तेवढ्यात काकांची गाडी आली. मला वाटलं मला भेटायला. नाही. काका उतरले, मागून काकू, काकांच्या हातात तीन केशरी शर्ट. मोटेलच्या लाँड्रीत धुतलेले, नीट घड्या घातलेले, दुकानातून आणल्यासारखे. सरळ मिस डॉरथीसमोर गेले. मी चप्पल पण न घालता पळाले.

"हे काय?" ती म्हणाली.

"हे एडविनच्या वंशजांचे आहेत, मॅम. परत द्यायला आलो."

तिने शर्ट मांडीवर घेतले. मग हातातल्या काठीने एडविनच्या दगडावरचं शेवाळ खरवडलं. "हे बघितलंस? सत्तर माणसं काल इथे उभी होती. दरवर्षी येतात. पोर्क खातात आणि जातात. आजवर कुणाला हे पुसावंसं वाटलं नाही. मलापण नाही, मी नुसती बसते." मग म्हणाली, "त्याची आई हा दगड करून वाट बघत मेली. तिला कळायला हवं होतं की तिचं काम तिकडे कुणीतरी करतंय. कशाने रंगवता तुम्ही?"

"चुन्याने."

तिने क्लेला फोन लावला. बिचारा अर्ध्या झोपेत हार्डवेअर स्टोअरमधून पोतं घेऊन आला. काकांनी पोत्यात हात घातला, चिमूट चोळून बघितली आणि म्हणाले, "हा बागेत टाकायचा. हा नाही चालणार." क्ले परत गेला. कधी नव्हे ते काहीतरी काम लागलं बघा त्याला. दुसऱ्या खेपेला बरोबर आणला. माझ्या बादलीत भिजवला. हो कबीर, माझीच बादली, आणि नाही, चुना लावण्यावर जोक नको, काकांनी स्वतःच तीन केले.

मिस डॉरथी गाडीकडे बघत होती. आन्या आत, कानात इअरफोन. मिस डॉरथी उठून तिथे गेली आणि काठीने काचेवर ठोकलं. म्हणाली, "तू. लांब हातांची. मला वाकता येत नाही आणि तुझ्या बापाचा हात वरपर्यंत पोचत नाही. ये."

"आयॅम नॉट ईव्हन रिलेटेड," आन्या म्हणाली.

"मी नातं विचारलं नाही. ब्रश धरता येतो का विचारतेय."

आन्या उतरली. आधी नुसती उभी. मग काकूंनी तिच्या हातात ब्रश कोंबला. काका सांगत होते, वरून खाली, ओघळ येऊ देऊ नकोस, आणि ती म्हणत होती, "डॅड, आय नो, स्टॉप," आणि मग तो ओघळ आलाच, थेट माझ्या जीन्सवर.

ओला होता तेव्हा काहीच विशेष नव्हता दिसत. राखाडी. जसा वाळत गेला तसा असा पांढरा होत गेला ना! मग काकांनी बारीक ब्रशने अक्षरं काळी केली. नाव. जन्माचं साल. रेघ. आणि ब्रश मिस डॉरथीला दिला. आन्याने खालून तिचं मनगट धरलं. एकोणीसशे चार. चार जरा तिरका आलाय, बघ इथून, दिसेल.

मग मिस डॉरथीने विचारलं, "आणि राघू? तो कुठे पुरलाय?"

"कुणाला माहीत, मॅम. दुष्काळात दगड कोण लावणार."

तिने शर्ट उचलले, घडी मोडली, आणि त्या पाठीवरच्या झाडावर बोट ठेवून क्लेला म्हणाली, "पुढच्या वर्षी राघूला वेगळी जागा द्यायची. इथे, एडविनच्या शेजारी, त्याच उंचीवर. दोघांकडून रेघ खाली सॅम्युअलकडे. आणि मधलं नाव बापाचं असतं हे खाली बारीक अक्षरात छाप, म्हणजे टेक्सासवाल्यांना कळेल." आणि शर्ट आन्याकडे फेकले. "हे या वर्षीचे. चुकीचे आहेत, पण घाला."

आन्याने लगेच नाही घातला हं. खांद्यावर टाकला. गाडी पार्किंगच्या बाहेर वळली तेव्हा घातला होता का, मला नीट दिसलं नाही. काका सिग्नल देऊन, आरसा बघून, इतके हळू वळले की मागच्याने हॉर्न मारला.

जाताना मी काकांना म्हटलं, ईस्टरला याल ना रंगवायला? तर म्हणाले, "आठ तास? अगं, तू इथे खिडकीत राहतेस की."

तर उरलेला चुना माझ्या सिंकखाली आहे. इला, ईस्टरच्या आदल्या दिवशी काय करतेयस? कबीर, तू? तू उंच आहेस. माझा वरपर्यंत हात पोचत नाही, आणि जुन्या पँटी घालून या, हे निघत नाही.